जुना झुलता पूल चार दिवसांत निघेल का?

नमस्कार. प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा कंत्राटदाराच्या त्या एका वाक्यावरच अडकलो. मला जे समजलं ते असं: तुमच्या गावाला नदीवर साधारण ८० मीटर लांबीचा लोखंडी झुलता पूल आहे, पायी आणि दुचाकीपुरता, आता शेजारी काँक्रीटचा नवा पूल झालाय, जुना बंद केलाय आणि पावसाळ्याआधी तो काढायचं ठरलंय. कंत्राटदार म्हणतो दोन्ही काठांवर गॅस कटरनं दोर कापतो, पूल नदीत बसेल, मग क्रेननं तुकडे उचलतो, चार दिवसांचं काम. तुम्ही विचारताय की एवढंच असेल तर त्या अमेरिकेतल्या व्हिडिओसारखा सुरुंग लावून का नाही उडवत. आणि गावातली काही मंडळी म्हणतायत की कशाला पाडता, राहू दे आठवण म्हणून.

माझं थोडं सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. २६ वर्षं पूल उभे करायच्या आणि उतरवायच्या कामात आहे, डिझाइन ऑफिसात कमी, साइटवर जास्त. कोकणातले लोखंडी साकव, घाटाखालच्या नद्यांवरचे पूल, असलंच सगळं. झुलते पूल उतरवलेत मोजून ७, आणि त्यातल्या दोन ठिकाणी पोटात गोळा आला होता, ते पुढे येईलच. तुमचा पूल मी बघितलेला नाही, त्यामुळे 'असंच करा' असं मी सांगणार नाही आणि न बघता जो सांगेल त्याचं ऐकू पण नका. विचार कसा करायचा तेवढं सांगतो.

दिवस किती लागतील ते नंतर बघू. आधी हे बघायचं की त्या दोरांत आत्ता ओढ किती आहे आणि ती कुठून, कशी, कोणत्या क्रमानं सोडायची. साध्या गर्डरच्या पुलात वजन खाली खांबावर बसलेलं असतं. इथे ते दोरावर टांगलेलं असतं, दोर टॉवरच्या डोक्यावरून जाऊन काठावर जमिनीत गाडलेल्या अँकरला ओढत असतो, आणि टॉवर मध्ये सरळ उभा असतो तो दोन्हीकडची ओढ सारखी आहे म्हणून. आता तुमच्याच पुलाचा अंदाज करू. लांबी ८० मीटर, मधला झोळ, म्हणजे टॉवरच्या डोक्यापासून दोर मध्ये जितका खाली येतो तो, ८ मीटर धरू, डेक (ज्यावरून चालतो तो भाग), रेलिंग, दोर सगळं मिळून मीटरला ६०० किलो धरू. पूल झाला ४८ टनांचा. दोरातली आडवी ओढ काढायचं गणित सोपं आहे, मीटरचं वजन गुणिले लांबीचा वर्ग, भागिले झोळाची आठपट. उत्तर येतं ६० टन. म्हणजे अख्ख्या पुलाच्या वजनापेक्षा ओढ जास्त! दोन बाजूंना वाटली तरी एका बाजूच्या दोरात ३० टन, टॉवरपाशी त्याहून थोडी जास्तच. तर कंत्राटदार जे 'दोर कापतो' म्हणतोय ना, ते म्हणजे ३० टनांनी ताणलेली बेचकी कापणं आहे आणि तिच्या शेजारी कटर धरून कोणाचातरी पोरगा उभा असणार आहे.

आता याच पुलाचा डेक आधी तुकड्यातुकड्यानं काढून घेतला आणि नुसते दोर आणि हँगर (मुख्य दोराला डेक ज्यांनी टांगलेला असतो त्या उभ्या सळ्या किंवा दोऱ्या) उरले, मीटरला ६० किलो धरा, की तीच ओढ ६० वरून ६ टनांवर येते. एका बाजूला ३ टन. ३ टन म्हणजे साधी विंच आणि कप्प्या लावून हळूहळू सोडता येण्यासारखी गोष्ट. म्हणून आमच्या धंद्यात झुलता पूल पाडला असं कोणी म्हणत नाही, उतरवला म्हणतात, आणि मी तरी नव्या इंजिनिअर पोरांना पहिल्या दिवशी हेच शब्द बदलायला लावतो.

बरं, डेक काढायचा म्हणजे कसाही नाही. घरी वलणीवर ओल्या चादरी टाकून बघा, सगळ्या एका टोकाला सरकवल्या की दोरी तिथे खाली जाते आणि दुसरीकडे वर उचलते. दोराला स्वतःचा असा आकार नसतो, वजन जिथे तसा त्याचा आकार. एका काठाकडून सुरू करून पलीकडे काढत गेलात (भंगारवाल्याला तेच सोयीचं असतं, ट्रक त्याच काठाला लागलेला असतो) तर अर्ध्यावर गेल्यावर उरलेला डेक नागासारखा वाकडा होतो, हँगर तिरके होतात, काही ढिले पडतात आणि शेजारच्यावर दुप्पट भार येतो. आम्ही शक्यतो मधून सुरू करतो आणि दोन्ही टॉवरकडे सारखं सारखं मागे येतो, डावीकडे एक पॅनल तर उजवीकडे एक पॅनल, आणि एका पॅनलचे दोन्ही अंगांचे हँगर एकाच वेळी, नाहीतर डेक पिळतो. मधून सुरू केल्याचा फायदा हाही की माणूस मागे सरतो तेव्हा त्याच्या आणि टॉवरच्या मध्ये चालायला डेक शिल्लक असतो. बाजूच्या गाळ्यांत, म्हणजे टॉवर आणि काठ यांच्या मधल्या भागात, पण डेक टांगलेला असेल तर हिशोब बदलतो, मग मधला आणि बाजूचा यांचा तोल राखत जावं लागतं.

तोल गेला तर काय होतं ते जगानं बघितलंय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० ला वाऱ्यानं हेलकावे खात कोसळला, तो जुना हलता व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण लोक पूल पडला तिथेच व्हिडिओ बंद करतात. पडला फक्त मधला गाळा. बाजूचे दोन गाळे टांगलेलेच राहिले, मधली ओढ नाहीशी झाल्यामुळे ते खाली बसले आणि त्यांनी टॉवरची डोकी किनाऱ्याकडे सुमारे १२ फूट ओढून वाकवली. पोलादाचे टॉवर, १२ फूट! उरलेला सांगाडा नंतर माणसांनी वर चढून उतरवला, युद्धाचे दिवस होते, ते पोलाद भंगारात गेलं. मधला भाग मात्र अजून तिथेच तळाशी आहे, माशांनी घर केलंय त्यात. तर मुद्दा काय, दोर कापल्यावर तुमचे टॉवर कुठल्या बाजूला जाणार हे कंत्राटदाराला विचारा. अँकरकडचा दोर आधी सुटला तर टॉवर नदीकडे ओढला जाणार, मधला सुटला तर काठाकडे, आणि चार ठिकाणचे दोर एकाच क्षणी कापणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

टॉवरचं बूडही बघायचं. काही जुन्या पुलांत टॉवर पायाशी पक्का बसवलेला नसतो, डुलता ठेवलेला असतो, म्हणजे दोरानं त्याला धरून ठेवलंय म्हणून तो उभा. अमेरिकेतलाच, ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज असा होता. पॉइंट प्लेझंट गावातला, १९२८ चा, त्याला दोरांऐवजी लोखंडी पट्ट्यांची साखळी होती, एका कडीत दोनच पट्ट्या. १५ डिसेंबर १९६७ ला संध्याकाळच्या गर्दीत एका पट्टीच्या डोळ्यातली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर फुटली, साखळी तुटली आणि साखळीच्या जिवावर उभे असलेले टॉवरही गेले. ४६ माणसं मेली. त्याच्याच जोडीचा, सेंट मेरीज गावचा पूल लगेच बंद केला आणि १९७१ मध्ये काढून टाकला. गावाकडच्या पुलांत टॉवर बहुतेक पायाशी बोल्टनं पक्के असतात, पण 'बहुतेक' या शब्दावर मी कोणाला वर चढवणार नाही. आधी बूड उघडून बघायचं, आणि काहीही निघो, पहिला बोल्ट ढिला करायच्या आधी टॉवरला चारी दिशांना तंबूच्या तणाव्यांसारखे दोर बांधायचे. साइटवर त्याला गाय-रोप म्हणतात, गायीचा काही संबंध नाही.

आता तुमचा व्हिडिओ. तो फोर्ट स्टुबेन पूल, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया राज्यांच्या मधला, तोही १९२८ चाच. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्फोटकांनी पाडला, आणि दिसायला खरंच सेकंदांचं काम. पण व्हिडिओत काय दिसत नाही ते ऐका. पोलाद उडवायला खाणीतल्यासारखी भोकं पाडून दारू ठासून चालत नाही, तिथे तांब्याच्या पन्हळीत बसवलेली खास कापणारी स्फोटकं लागतात जी पोलादाच्या पट्टीला सुरीसारखी चिरतात, आणि ती कुठे, किती, किती मिलिसेकंदांच्या अंतरानं हे ठरवण्यात आठवडे जातात. पूल नदीत पडल्यावर जहाजांची वाट अडते, म्हणून पडलेलं पोलाद पाण्यातून ओढून काढायचं काम व्हिडिओ संपल्यावर सुरू होतं. ओहायो नदीत बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यावर, बसवलेल्या प्रचंड क्रेन मिळतात. तुमच्या नदीत काय मिळणार, जेसीबी आणि एखादी हायड्रा (छोटी फिरती क्रेन), ती पण काठावरूनच.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पुण्याचा चांदणी चौक आठवा. २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्री सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून तो काँक्रीटचा पूल उडवला, अख्खं पुणं जागं होतं, धूळ खाली बसली तर पुलाचा बराच भाग जागेवर, बाकीचा मशीननं फोडून पाडावा लागला. रस्त्यावर ते चालतं, खाली मशीन उभी करता येते. तसाच अर्धवट पडलेला झुलता पूल नदीवर लटकतोय असं डोळ्यांसमोर आणा, कुठल्या दोरात किती ओढ उरलीय कोणाला माहीत नाही, त्याच्याखाली तुम्ही कोणाला पाठवणार? शिवाय स्फोटकांचा परवाना, परवानाधारक ब्लास्टर, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, नदीतले मासे, शेजारचा तुमचा नवाकोरा पूल. गावच्या पुलावर हा प्रकार मी तरी कधी बघितला नाही.

कशावर अवलंबून आहे ते आता. सगळ्यात आधी पाणी. घाटावरची नदी असेल आणि एप्रिल-मेमध्ये पात्र कोरडं पडत असेल तर तुमच्यासारखं नशीबवान कोणी नाही, पात्रात मुरूम टाकून रस्ता करा, रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचे ठोकळे रचून डेकला खालून टेकू द्या, वजन दोरावरून ठोकळ्यांवर घ्या आणि मग निवांत काढा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित. फक्त वरच्या धरणाचं विचारून ठेवा, उन्हाळी आवर्तन सोडलं की एका रात्रीत ठोकळे वाहून जातात, पाटबंधारे खात्याकडून तारखा लेखी घ्या. कोकणातली भरती-ओहोटीची खाडी असेल तर हे जमत नाही, तिथे तराफे किंवा वरून हवाई दोर, आणि काम सकाळी लवकर, दुपारी खारा वारा सुटला की बंद. अर्धा उघडा पूल वाऱ्याला फार वाईट वागतो, कारण डेकच्या बाजूच्या जाळ्यांनी पुलाला जो ताठपणा दिलेला असतो तो तुम्ही काढून घेतलेला असतो.

दुसरं म्हणजे दोरांची तब्येत, आणि ही सगळ्यात फसवी. अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यात पेनॉबस्कॉट नदीवर वाल्डो-हँकॉक नावाचा झुलता पूल होता, १९३१ चा, डेव्हिड स्टाइनमन या नावाजलेल्या इंजिनिअरचा, मधला गाळा २४४ मीटर. दुरुस्तीच्या कामात २००३ च्या सुमाराला मुख्य केबलचं आवरण उघडून बघितलं तर आतल्या तारा इतक्या खराब निघाल्या की जड गाड्या बंद केल्या, आणि जुन्या केबलच्या वरून नव्या जास्तीच्या केबल टाकून थोडा भार त्यांच्यावर घ्यावा लागला. का, तर नवा पूल होईपर्यंत हा उभा राहिला पाहिजे. शेजारचा नवा पूल डिसेंबर २००६ च्या शेवटी सुरू झाला, आणि जुना त्यानंतरही सहा वर्षं तसाच उभा होता, २०१२-१३ मध्ये उतरवला. नव्या पुलात म्हणे केबलमधली एकेक तार वेगळी काढून तपासता येते अशी सोय ठेवलीय, अनुभव माणसाला शहाणा करतो तो असा.

आणि मोरबी तर आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहेच. मच्छू नदीवरचा पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ ला उघडला, ३० तारखेला एका बाजूची मुख्य केबल तुटली, १३५ माणसं गेली. चौकशी पथकाच्या अहवालात होतं की त्या केबलच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या, बहुधा तुटलेल्याच. जुन्या हँगरला नवे तुकडे वेल्डिंगनं जोडले होते आणि लाकडी फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे पत्रे टाकले होते. म्हणजे बाहेरून रंगरंगोटी झालेला पूल आतून निम्म्यानं मेलेला होता. मी हे सांगतोय कारण तुमच्या पुलावर उतरवणारी माणसं जेव्हा चढतील तेव्हा तीही त्याच दोरावर असतील. पूल बंद आहे म्हणून दोर बरा होत नाही.

गंज कुठे बघायचा? लोक मधोमध बघतात, तिथे दोर वाऱ्यावर सुकत असतो, चांगला असतो. खराब असतो तो दोन ठिकाणी, टॉवरवर सॅडलच्या (दोर ज्यावर टेकतो त्या लोखंडी बैठकीच्या) खाचेत आणि काठावर जिथे दोर जमिनीत शिरतो तिथे. एका गावात अँकरच्या चौथऱ्याला लागून लोकांनी वर्षानुवर्षं उकिरडा केला होता. आम्ही तो हातानं उपसला, फावडंसुद्धा जपून, आणि आत ३२ मिलिमीटरचा रॉड, व्हर्नियरनं जाडी मोजली तर १९ चा उरलेला. तिथे आम्ही काम थांबवलं, मागे नवा काँक्रीटचा ठोकळा ओतला, नव्या वायर रोपनं जुना दोर त्याला धरून घेतला, दोर आवळणाऱ्या बुलडॉग क्लिपा मारल्या, टर्नबकलनं (पिळून दोर ताणायच्या आट्यांच्या स्क्रूनं) ओढ घेतली, आणि मगच डेकला हात लावला. तीन आठवडे गेले त्यात. खात्याचे साहेब चिडले होते, पण तो रॉड त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्यावर गप्प झाले.

आता दुसरा पोटातला गोळा. टॉवरच्या डोक्यावर सॅडल असतं, काही पुलांत त्याखाली रोलर असतात, कारण पूल बांधताना डेकचं वजन वाढत जातं तसा दोर ताणतो आणि सॅडल थोडं नदीकडे सरकतं. उतरवताना उलटं, वजन कमी झालं की ते काठाकडे परत सरकायला पाहिजे. आमच्या त्या पुलाचे रोलर गंजून जाम झालेले होते आणि आम्ही ते सोडवले नाहीत, घाई होती, चूक आमचीच. तीन दिवस डेक काढतोय, ओळंबा बघतोय, टॉवर ढिम्म हलत नाही, मला वाटलं फारच छान चाललंय. खरं म्हणजे दोन्हीकडच्या ओढीतला फरक त्या जाम रोलरात साठत चालला होता. चौथ्या दिवशी सकाळी धाडकन आवाज झाला आणि सॅडल ४० मिलिमीटर उडी मारून मागे गेलं, अख्खा पूल शहारला, वर चार माणसं होती, सगळ्यांना हार्नेस होता म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून नियम: आधी रोलर डिझेल-ग्रीस घालून, जॅक लावून हलते करायचे, हलत नसतील तर तसं धरून गणित नव्यानं करायचं, आणि टॉवरचा ओळंबा रोज सकाळी ऊन चढायच्या आधी एकाच माणसानं वहीत लिहायचा. सॅडल हलायला पाहिजे तेव्हा हलत नसेल तर ती वाईट बातमी असते.

डेक आणि हँगर निघाले की दोर. मागच्या अँकरपाशी कप्प्यांच्या जोडीनं दोराची ओढ विंचवर घ्यायची, अँकर मोकळा करायचा, आणि विंच सोडत सोडत दोर पात्रात निजवायचा. गॅस कटर दोराला लावायचा तो दोर जमिनीवर आडवा, ढिला पडल्यावरच. वायर रोप कापायच्या आधी कापायच्या जागेच्या दोन्ही अंगांना बारीक तारेनं आवळून बांधायचा, नाहीतर पिळ उलगडून तारा फिस्कारतात, डोळा जाऊ शकतो. मग टॉवर, वरून खाली, तुकड्यानं. टॉवरवर आग्यामोहोळ आहे का तेही बघून ठेवा, हसू नका, आमचा एक पूर्ण दिवस माश्यांनी खाल्लाय आणि उंचावर बांधलेला माणूस पळू शकत नाही.

रंगाचं कोणीच विचारत नाही. जुन्या लोखंडावर तो तांबडा प्राइमर असतो ना, तो रेड लेड, म्हणजे आपला शेंदूरच, शिसं. त्यावर गॅस कटर चालवला की शिशाची वाफ होते आणि कापणारा पोरगा ती छातीत घेतो, तोंडाला गमछा बांधून काही होत नाही. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान १० सेंटिमीटर रंग खरवडून काढा, खाली ताडपत्री टाकून ती खरवड गोळा करा, योग्य मास्क द्या, हात धुतल्याशिवाय चहा-वडापाव नको आणि कामाचे कपडे घरी नको, घरात लहान पोरं असतात. जिथे बोल्ट आहेत तिथे बोल्टच खोला, कटर कमीत कमी.

नळपाणी योजनेचा पाइप किंवा विजेची, इंटरनेटची केबल जुन्या पुलावरून जाते का बघा. जातेच. ती आधी हलवा.

पैशाचं बोलू, कारण चार दिवसांचं मूळ तिथे आहे. असल्या कामात कंत्राटदार बऱ्याचदा उतरवायचे पैसे जवळजवळ घेतच नाही, भंगार त्याचं. ऐकायला पंचायतीला फुकटात काम. पण मग त्याची नजर वजनावर, जाड माल आधी निघाला पाहिजे, आणि जाड माल म्हणजे नेमके तेच भाग जे शेवटपर्यंत राहायला पाहिजेत. माझं मत विचाराल तर उतरवायचा दर वेगळा द्या, भंगार वजनकाट्यावर मोजून पंचायतीच्या ताब्यात घ्या आणि नंतर लिलाव करा. कागदावर महाग दिसेल. टेंडरमध्ये कामाचा क्रम लिहून मागा, पायरी १, पायरी २ असा, प्रत्येक पायरीला दोरातली ओढ किती ते आकड्यात, आणि त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. ज्याला हे देता येत नाही त्याला काम देऊ नका, मग तो कोणाचा मेहुणा का असेना.

राहू दे म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? मलाही जुने पूल आवडतात, वाईट वाटतं. पण १५ जून २०२५ चा रविवार आठवा, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल, तो झुलता नव्हता, धोकादायक असल्याचा फलकही होता, पाऊस बघायला आलेल्या गर्दीसकट तो पडला आणि ४ जण गेले. फलक लावलेला पूल बंद नसतो, सेल्फीसाठी तर तो जास्तच उघडा असतो. ठेवायचाच असेल तर आठवण म्हणून टॉवरचा खालचा भाग काठावर ठेवा, सॅडल पंचायतीच्या अंगणात ठेवा, दगडी अँकर तसेच राहू द्या, ते तसेही कोणी काढत नाही. पण पात्रातल्या खांबांचे अर्धवट ठोंब ठेवू नका, पाणी थोडं वर आलं की ते दिसत नाहीत आणि पोरं तिथेच उड्या मारतात.

दिवस विचारले होते. कोरडं पात्र, दोर बरे, बोल्टचे जोड असतील तर तपासणी धरून पाच-सहा आठवडे. दोर खराब निघाले तर पावसाळ्याआधी होणार नाही असं समजून चाला, आणि मृगाच्या तोंडावर अर्धा उघडा पूल ठेवण्यापेक्षा अख्खा तसाच ठेवून दोन्ही तोंडं पक्क्या भिंतीनं बंद करून दसऱ्यानंतर सुरू करा. अर्धा उतरवलेला पूल पुरात सगळ्यात वाईट, त्यात झाडं-झुडपं अडकतात आणि शेवटी तो तुमच्या नव्या पुलावर जाऊन बसतो.

तोवर एक काम करा, त्याला खर्च नाही. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत गावातल्या एखाद्या जुन्या गवंड्याला घेऊन जा आणि काठावर उभं राहूनच चारी टॉवरखांबांना ओळंबा लावा, वर चढू नका, खालच्या दोन-तीन मीटरमध्ये किती मिलिमीटर आणि कुठल्या बाजूला, नदीकडे का काठाकडे, ते लिहा. अँकरपाशी दोर जमिनीत शिरतो तिथली माती हातानं बाजूला करून जवळून फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवून. चारी अँकरचे हवेत, एका बाजूचे दोन नको. ते इथे टाका, मग पुढचं बोलू.